रिबाविरिनमुळे हिमोग्लोबिन ९.६ वर आलंय. डोस कमी केला तर हेपेटायटिस सी जाईल ना?

दुपारची_पाळी:

नमस्कार मंडळी. वय ५२. हेपेटायटिस सी आहे आणि लिव्हर सिरॉसिसपर्यंत पोचलंय. मागे पोटात पाणी झालं होतं, म्हणून डॉक्टरांनी सोफोसबुविर-वेल्पाटास्विरच्या गोळीला रिबाविरिनची जोड दिली. कोर्स १२ आठवड्यांचा. वजन ६१ किलो, त्यामुळे रिबाविरिन दिवसाला १००० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून.

सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन १२.८ होतं. दुसऱ्या आठवड्यात ११.१ आणि आता चौथ्यात ९.६. जिना चढताना अर्ध्यावर कठडा धरून उभी राहते, कानात ठोके ऐकू येतात. बसल्या जागेवरून पटकन उठलं की अंधारी येते. बसून असले तर काही नाही, तेव्हा मी अगदी ठणठणीत, त्यामुळे घरच्यांना वाटतं मी उगाच करतेय.

काल डॉक्टरांनी रिबाविरिन ६०० वर आणलं. मोठी गोळी आहे तशीच चालू. खरं तर सुटका वाटायला हवी होती, पण मी धसकाच घेतलाय. औषध अर्ध्यावर आलं म्हणजे विषाणूही अर्धाच मरायचा का? नणंद म्हणते लोहाच्या गोळ्या घे. डॉक्टरांना विचारलं तर 'नको' एवढंच म्हणाले, मागे रांग होती. मुलगा म्हणतो ते रिबाविरिन बंदच कर. कुठून रक्त जात नाहीये तर हिमोग्लोबिन जातंय कुठे, एवढं तरी कुणी सांगा.

काठावरचा:

बाकीचं लोक सांगतीलच, मी आधी एक विचारतो. शौचाला काळी, चिकट होतेय का? उलटीत रक्त? सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमधून रक्त जाऊ शकतं, आणि रिबाविरिन चालू असलं की सगळं खापर त्याच्यावर फोडून माणूस मोकळा होतो. तसं काही असेल तर इथे लिहीत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

दुपारची_पाळी:

नाही, तसं काही नाही. एंडोस्कोपी कोर्सच्या आधी झाली, शिरा बारीक आहेत म्हणाले.

जुने_खोड:

ताई, मी इंटरफेरॉनच्या जमान्यातला पेशंट. तेव्हा ही नवी औषधं नव्हती. आठवड्याला एक इंजेक्शन आणि रोज रिबाविरिन, असं ४८ आठवडे. माझं हिमोग्लोबिन ९ च्या आसपास रेंगाळत असायचं आणि मी वर्गात खुर्चीवर बसून रसायनशास्त्र शिकवायचो. तेव्हा मास्तर जरा लांबड लावणार, वाचून घ्या.

रक्त कुठे जातंय? जात नाही, आतल्या आत फुटतंय. रिबाविरिन लाल पेशीत शिरलं की पेशी त्याला फॉस्फेट चिकटवते. इतर पेशींकडे ते फॉस्फेट काढून टाकायची एन्झाइम असतात, लाल पेशीकडे नसतात. म्हणजे औषध आत अडकतं आणि साठत जातं. पेशीचं इंधन म्हणजे एटीपी कमी पडतं, आवरण कमकुवत होतं, आणि एरवी १२० दिवस जगणारी पेशी पाणथरीत आधीच मोडीत निघते. मोडलेल्या पेशीतलं लोह मात्र शरीरातच राहतं, अस्थिमज्जा ते पुन्हा वापरते. म्हणून डॉक्टर 'नको' म्हणाले. शिवाय हेपेटायटिस सीच्या पुष्कळ पेशंटच्या लिव्हरमध्ये लोह आधीच जास्त असतं, त्यात आणखी भर कशाला? फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (शरीरातल्या लोहाच्या चाचण्या) तपासून खरोखर कमतरता निघाली तर गोष्ट वेगळी. नणंदबाईंचा हेतू चांगला आहे, औषध चुकीचं आहे. फॉलिक ॲसिडचं मात्र विचारून घ्या. पेशी भराभर नव्या करायच्या तर ते जास्त लागतं, आणि काही डॉक्टर ते देतात.

आता डोसचं. डॉक्टरांनी मनाने काही केलेलं नाही, नियम तसाच आहे. हृदयविकार नसेल तर हिमोग्लोबिन १० च्या खाली आलं की रिबाविरिन ६०० वर आणायचं, ८.५ च्या खाली गेलं की थांबवायचं. हृदयाचं दुखणं असलेल्यांना एवढी मोकळीक नसते, त्यांचं ४ आठवड्यांत २ ने उतरलं तरी डोस कमी करतात. (तुम्ही हृदयाचं काही लिहिलं नाहीये. असेल तर डॉक्टरांना ठाऊक आहे ना, एवढं बघा.)

आणि विषाणू अर्धाच मरेल ही भीती काढून टाका. पोटात पाणी वगैरे होऊन गेलेल्या, म्हणजे लिव्हर ढासळलेल्या पेशंटांवर २०१५ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली, ॲस्ट्रल-४ नावाची. तुमचीच औषधं. १२ आठवडे सोफोसबुविर-वेल्पाटास्विर आणि रिबाविरिन घेतलेले ९४ टक्के बरे झाले. रिबाविरिनला हातही न लावता तेच १२ आठवडे पूर्ण केलेलेसुद्धा ८३ टक्के बरे झाले. म्हणजे मुख्य काम मोठी गोळी करते, रिबाविरिन तिच्या मदतीला आहे. मदतनीस थोडा सुट्टीवर गेला म्हणून काम बंद पडत नाही. पण मुलाचं ऐकून तुम्ही स्वतःहून बंदही करू नका, कारण ८३ आणि ९४ मधला फरक काही थोडाथोडका नाही.

आमच्या वेळी डोस कमी करायला डॉक्टर घाबरायचे, कारण तेव्हाच्या औषधांत रिबाविरिनवर बरंच अवलंबून होतं. म्हणून एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे अस्थिमज्जेला जास्त लाल पेशी करायला लावणारी, इंजेक्शनं पोटावर टोचून हिमोग्लोबिन वर ढकलायचे. मलाही दिली होती. पुढे बोसेप्रेविर (इंटरफेरॉनच्या जोडीला दिलं जाणारं औषध) आलं त्या काळात दोन गट करून मुद्दाम तुलना झाली. एका गटाचा डोस कमी केला, दुसऱ्याला ही इंजेक्शनं दिली. दोन्हीकडे बरे होणारे ७१ टक्केच! आणि इंजेक्शनांना रक्ताच्या गुठळ्यांचा धोका, तो वेगळाच. तेव्हा कुणी 'ते इंजेक्शन का देत नाहीत' असं विचारून तुम्हाला सतावलं तर हे सांगा.

डोस काल कमी केला म्हणून उद्या जिना धावत चढाल असं मात्र नाही. रिबाविरिन शरीरातून फार सावकाश जातं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच १२ दिवसांच्या आसपास लागतात. बहुतेकांची घसरण पहिल्या ४ आठवड्यांतच होते, मग अस्थिमज्जा जोर लावते आणि आकडा एका ठिकाणी टिकतो. औषध संपल्यावर ४ ते ८ आठवड्यांत पूर्वपदावर येतो.

तोवर उठताना आधी पाय खाली सोडून बसा, मग उभ्या राहा. वरखाली करायची कामं एका फेरीत उरका. बसून ठणठणीत वाटतं हे खरंच आहे, रक्ताची कमतरता श्रमातच कळते, हे घरच्यांना वाचून दाखवा. पण बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, भोवळ येऊन पडलात, तर पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

स्लाइडवाली:

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. मास्तरांनी छान सांगितलंय, थोडं माझ्या टेबलावरून.

सीबीसीबरोबर रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या, कोवळ्या लाल पेशी किती ते) आणि बिलिरुबिनचे दोन भाग मागून घ्या. पेशी फुटत असतील तर इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढतं, डोळ्यांत जरा पिवळसर झाक येते, आणि पेशंट लिव्हर आणखी बिघडलं म्हणून हबकतो. डायरेक्ट वाढलं असेल, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) बिघडला असेल, तर मात्र ते लिव्हरचं, डॉक्टरांना लगेच कळवा. रेटिक वाढलेला असणं ही चांगली खूण, कारखाना चालू आहे.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) प्रत्येक वेळी करा. पोटातल्या पाण्यासाठी लघवीच्या गोळ्या चालू असतील ना? त्यांनी कधीकधी मूत्रपिंडावर ताण येतो. रिबाविरिन मुख्यतः तिथूनच बाहेर पडतं. तिकडे वाट अडली की तोच डोस जास्त ठरतो आणि हिमोग्लोबिन आणखी खाली.

मधुमेह आहे का?

दुपारची_पाळी:

आहे! आणि लघवीची गोळीही आहे. एचबीए१सी गेल्या आठवड्यात ५.३ आलं, आधी ७.४ होतं. मी तर खूश होते.

स्लाइडवाली:

खुशी जरा बाजूला ठेवा. एचबीए१सी म्हणजे लाल पेशीवर तिच्या आयुष्यात साखर किती चिकटली त्याचा हिशेब. तुमच्या पेशी अल्पायुषी झाल्यात, साखर चिकटायला वेळच मिळत नाहीये. सध्या तो आकडा धरून मधुमेहाची औषधं कमी करायला जाऊ नका, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर बघा. हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, हे मधुमेहाच्या डॉक्टरांनाही सांगा. त्यांना रिबाविरिन चालू असल्याचं माहीत असेलच असं नाही.

आणि ॲसिडिटीची गोळी मनाने घेऊ नका. रिबाविरिनने मळमळतं म्हणून लोक घेतात आणि वेल्पाटास्विर नीट शोषलंच जात नाही. रक्त कमी होण्यापेक्षा ही चूक महाग पडते.

नवा_भिडू:

मध्येच विचारतो, माफ करा. मलाही हेप सी निघालंय, वय २९, सिरॉसिस नाही. पुढच्या आठवड्यात औषध सुरू. मलाही असं होणार?

जुने_खोड:

बहुधा नाही. लिव्हर शाबूत असलेल्यांना बहुतेक वेळा रिबाविरिन लागतच नाही. सोफोसबुविर-वेल्पाटास्विर १२ आठवडे किंवा ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटास्विर ८ आठवडे, नुसती गोळी, आणि या गोळ्या लाल पेशींच्या वाटेला जात नाहीत. चिठ्ठीवर रिबाविरिन दिसलं तर कशासाठी ते विचारा. घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर आधीच सांगा, त्यांना रिबाविरिन देत नाहीत. आणि ते मिळालंच तर मूल होऊ देण्याचा बेत पुढे ढकला. पुरुषाने घेतलं तरी हेच, गर्भाला ते घातक आहे आणि औषध संपल्यावरही निदान सहा महिने सांभाळावं लागतं. बाईने घेतलं असेल तर काही ठिकाणी त्याहून जास्त सांगतात.

दुपारची_पाळी:

सहाव्या आठवड्याचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.८, रेटिक वाढलेला, क्रिएटिनिन ०.९. बिलिरुबिन थोडं जास्त आहे, पण इनडायरेक्टच. फॉलिक ॲसिड सुरू केलंय, डोस ६०० च ठेवलाय. नणंदेला मास्तरांचं उत्तर वाचून दाखवलं, लोहाची बाटली परत घेऊन गेली. कोर्स संपल्यावर विषाणू गेला की नाही हे लगेच कळतं का?

जुने_खोड:

लगेच नाही. संपल्याच्या दिवशी बहुतेकांचा रिपोर्ट निगेटिव्हच येतो, त्यावर विसंबू नका. १२ आठवडे थांबून रक्तात विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय अंश) तपासतात, तेव्हाही निगेटिव्ह आला तर बरं झालो म्हणायचं. अँटीबॉडीची टेस्ट पुढेही पॉझिटिव्ह येत राहणार, तिला घाबरू नका. आणि विषाणू गेला तरी सिरॉसिस लगेच जात नाही, म्हणून दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच ठेवायची.