‘इंडिव्हिज्युअलिझम’ शिकवताना चर्चा वृद्धाश्रमावर जाते, काय करावं?

खानापूर_इंग्लिश:
नमस्कार मंडळी. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे २४ विद्यार्थी, निम्मे मराठी माध्यमातले, निम्मे कन्नड. ५० मिनिटांचे दोन तास हाताशी आहेत. विषय आहे अमेरिकन मूल्यं. ‘इंडिव्हिज्युअलिझम’चा अर्थ ‘व्यक्तिवाद’ सांगितला की उत्तर येतं, “म्हणजे आईबापाला सोडून राहणं.” मग संस्कारांवर वाद सुरू होतो, तोही मराठीत. इंग्रजी राहतं बाजूलाच.

निपाणीकर:
सर, ‘व्यक्तिवाद’ फळ्यावर लिहूच नका. ‘अमका वादी आहे’ म्हटलं की आपल्याकडे तो आरोपच वाटतो. व्याख्या शेवटी येऊ द्या, सुरुवात सर्वनामांपासून करा.

आपल्याकडे एकुलता एक मुलगाही “आमचे बाबा”, “आमचं घर”, “आमच्यात असं चालत नाही” म्हणतो. कन्नडमध्येही ‘नम्म अप्पा’, ‘नम्म मने’. तेच इंग्रजीत ‘अवर फादर’ होऊन उतरतं आणि अमेरिकन माणसाला चर्चमधली प्रार्थना आठवते. तिथे सख्खा भाऊ शेजारी उभा असला तरी ‘माय फादर’च. हे एकदा कानावर पडलं की विषय मुलांच्या हाती लागतो.

पहिल्या तासाला, विषयाचं नाव न सांगता, प्रत्येकाकडून ‘आय ॲम’ने सुरू होणारी १० वाक्यं चिठ्ठीवर घ्या, नाव न घालता. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कुह्न आणि मॅकपार्टलंड यांची १९५४ची ‘मी कोण?’ ही चाचणी २० उत्तरांची आहे, पण ५० मिनिटांत १० पुरेत. विषय आधी कळला तर मुलं तुम्हाला हवं तेच लिहितात. नंतर फळ्यावर दोन रकाने करा: एकात नातं, गाव, घराणं, दुसऱ्यात आवड, कौशल्य, मत. फक्त मोजा, चांगलं-वाईट ठरवू नका. आणि चिठ्ठ्या आधी स्वतः चाळा. जात लिहिलेली असेल तर ती वर्गात वाचायची नाही.

चिक्कोडी_खडूफळा:
वरच्याशी सहमत. पण ‘ते असे का’ हे सांगितलं नाही, तर मुलं तो अमेरिकन माणसाचा स्वभाव समजतात. अमेरिकेत १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची; अट अशी की ५ वर्षं त्याच जमिनीवर राहून ती कसायची. १६० एकरांचा चौकोन म्हणजे अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद. त्यामुळे शेजाऱ्याचं घर हाकेच्या पलीकडे. आपल्याकडे घरं गावठाणात भिंतीला भिंत लावून, शेत लांब. दोन्ही नकाशे फळ्यावर शेजारी-शेजारी काढा, पाच मिनिटांचं काम आहे. ही जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हेही सांगितलंच पाहिजे.

तरी कोठार उभारायला तिथेही शेजारी जमत. आपल्याकडे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबतात, त्या पैऱ्यासारखंच. १८३१मध्ये अमेरिका पाहायला गेलेल्या फ्रेंच विचारवंत तोकव्हीलने दोन्ही टिपलं: माणसं आपल्यापुरती राहतात, आणि लहानसहान कामासाठीही संस्था काढतात. आपल्याकडेही ‘गाव करी ते राव न करी’ आहे आणि ‘आपला हात जगन्नाथ’ही आहे. दोन्ही म्हणी मुलांना इंग्रजीत समजावून सांगायला लावा. ‘आपण विरुद्ध ते’ हा वाद तिथेच गळून पडतो.

टिळकवाडी_मॅडम:
“आईबापाला सोडणं” याला थेट आकडा द्या. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेच्या माहितीनुसार जुलै २०२०मध्ये अमेरिकेतली १८ ते २९ वयाची ५२ टक्के मुलं आईवडिलांकडे राहत होती. काळ कोविडचा होता, तेही सांगा. मुद्दा राहण्याचा नाही, निर्णय कुणाचा याचा आहे.

त्यासाठी दुसऱ्या तासाला नाट्यप्रवेश घ्या. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या १९७४च्या फेर्पा कायद्यानुसार मुलगा कॉलेजात गेला की गुणपत्रकाचे हक्क त्याचे. वडिलांनी फोन केला तरी कॉलेज सहसा त्याच्या लेखी संमतीशिवाय मार्क सांगत नाही. तिघांचे गट करा: वडील, कार्यालयातला क्लार्क, विद्यार्थी. २४ जणांचे आठ गट, प्रत्येकी तीन मिनिटं. वाक्यं आधी द्या, नाहीतर मुलं ‘इट्स माय लाइफ’वर येतात आणि ते उद्धट वाटतं. ‘आय हॅव डिसायडेड टू’ आणि ‘आय अप्रिशिएट युअर ॲडव्हाइस, बट’ एवढी दोन पुरतात. ‘बट’च्या आधी जरा थांबायला शिकवा, सगळा आदर त्या थांबण्यात आहे.

खानापूर_इंग्लिश:
मनापासून आभार. मुलाखतीत सगळी ‘वुई’ लावतात, त्याचं काय? आणि ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ला ‘माय फादर इज अ फार्मर, देअर आर फाइव्ह मेंबर्स इन माय फॅमिली’ हे ठरलेलं.

निपाणीकर:
घरच्यांची वाक्यं खोडू नका, अमेरिकन कंपनीच्या मुलाखतीपुरती बाजूला ठेवायला सांगा. प्रोजेक्टसाठी पहिलं वाक्य ‘वुई’चं ठेवा: ‘वुई बिल्ट अ वॉटर पंप कंट्रोलर’. पुढची तीन ‘आय’ची, प्रत्येकात वेगळं क्रियापद: ‘आय डिझाइन्ड’, ‘आय वायर्ड’, ‘आय टेस्टेड’. मुलं ‘आय हेल्प्ड’वर अडतात, कारण स्वतःचं काम स्वतः सांगणं म्हणजे बढाई असं त्यांना वाटतं. तिथे विचारा, “सर्किट कुणी जोडलं?” मराठीत “मी” असं उत्तर आलं की त्याचंच इंग्रजी करून घ्या.