मागच्या मोकळ्या प्लॉटवर पोरं नशा करतात, गल्लीने मिळून काय करायचं? (सिडको, नाशिक)

सिडकोकर७९:
मंडळी जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या. आमच्या गल्लीमागे मोकळा प्लॉट आहे, खांबावरचा दिवा कित्येक महिने बंद, तिथे रात्री नऊनंतर पोरं बसतात. आधी वाटायचं सिगारेट असेल, पण परवा सकाळी झाडताना गोळ्यांची रिकामी पाकिटं, व्हाइटनरच्या बाटल्या आणि छोट्या झिपच्या पुड्या सापडल्या. त्यातली दोन पोरं आमच्याच गल्लीतली, एक तर अकरावीचा. काल मीटिंग झाली तर निम्मे म्हणतात धरून चोपू, निम्मे म्हणतात आपल्याला काय करायचंय. कुणी हे केलंय का?

पंचवटीचा_पक्या:
चोपा सरळ! दोन दिवसात प्लॉट मोकळा. २०२३ ला आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन, नशेची पावडर) कारखानाच सापडला होता, मुंबई पोलिसांनी येऊन धाड टाकली तेव्हा आपल्याला कळलं, कोट्यवधींचा माल. त्यामुळे कुणी येऊन वाचवेल याची वाट बघत बसू नका.

गोदाकाठ:
बायकांनी सह्या गोळा करा की, दारूचं दुकान बंद करायला आडवी बाटलीचं मतदान घेतात तसं.

मेडिकलवाला_नारोड:
@गोदाकाठ ताई, ते मतदान लायसनवाल्या दारूच्या दुकानासाठी असतं, इथे लायसन कुणाकडे आहे बंद करायला 😀
@सिडकोकर७९ पाकिटं फेकू नका, त्यावरचं नाव बघा. अल्प्राझोलाम (टेन्शनवरची, झोप आणणारी गोळी) असेल तर तीच मालेगावकडची कुत्ता गोळी, इथे पोरं बटन म्हणतात. शेड्युल एच१ मधली (कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी) आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि विकली की रजिस्टरमध्ये डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून ते तीन वर्षं ठेवायचं. पाकिटावर बॅच नंबर असतो, फोटो काढून एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) अर्ज द्या, माल कुठून आला त्याचा माग लागू शकतो. आमच्याच धंद्यातले काही जण हे करतात, लाज वाटते पण खरं आहे.
आणि एक महत्त्वाचं, रोज खूप गोळ्या खाणाऱ्याला घरात कोंडून एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरकडूनच हळूहळू कमी करायच्या.

नलूमावशी:
पक्या बाळा, माझ्या भाच्याला चोपलं होतं, सगळ्या गल्लीसमोर. त्याने प्लॉट सोडला आणि नदीकडे जायला लागला, तिथे तर बघणारंही कुणी नव्हतं. आठ महिने आम्हाला वाटलं पोरगा सुधारला. रात्र रात्र झोपायचा नाही, दात करकर चावायचा, वजन निम्मं झालं, आणि ताई (त्याची आई) म्हणायची अभ्यासाचं टेन्शन आहे. एमडी होतं ते. मग पुण्याला नेलं, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, १९८६ पासून चालतंय ते. तिथे कळलं की घरच्यांनाही शिकावं लागतं, आम्ही नातेवाईकांच्या मीटिंगला जायचो, पहिल्या वेळी ताई तोंडावर पदर घेऊन बसली होती. एकदा परत घसरला, दुसऱ्यांदा नेला. आता गॅरेजमध्ये कामाला आहे, पगार ताईच्या हातात देतो, पण रात्री फोन उचलला नाही की माझ्या पोटात गोळा येतो अजून.
केंद्र निवडताना मात्र आत जाऊन बघा, डॉक्टर आहेत का, घरच्यांना भेटू देतात का. साखळी लावून मारणारेही आहेत.

वकीलसाहेब_कॉलेजरोड:
विकणारा आणि खाणारा वेगळा काढा. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात एमडी २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक, शिक्षेत जमीन-अस्मानाचा फरक. कलम ६४ए आहे, व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर अल्प प्रमाणाच्या केसमधून सुटका मिळू शकते, उपचार पुरे करायचे मात्र. म्हणून पोरांच्या आईबापांना आधी सांगा, गुपचूप, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही! आणि पोरांना मारलंत तर केस तुमच्यावरच व्हायची. विकणाऱ्याची टीप १९३३ वर द्या, मानस हेल्पलाइन, नाव सांगावं लागत नाही. स्वतः पाठलाग, व्हिडिओ असलं काही करू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

पंचवटीचा_पक्या:
बरं बाबा, नाय चोपत. पण प्लॉटचं काय?

सिडकोकर७९:
सगळ्यांना धन्यवाद, नलूमावशी तुमचं वाचून बायको रडली. आज इतकंच झालं: एका काकांनी स्वतःच्या गच्चीवरून प्लॉटकडे हॅलोजन लावला, आणि बायका म्हणाल्या आम्ही जेवण झालं की तिथेच खुर्च्या टाकून बसतो, कुणाला काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. पोरं आली, बघितलं, गेली. पाकिटांचे फोटो काढलेत, उद्या अर्ज लिहितो. अकरावीवाल्याच्या वडिलांकडे मी आणि बायको जाणार आहोत, त्यांची कंपनीत रात्रपाळी असते सातपूरला, सकाळी सातला घरी येतात तेव्हा. काय बोलायचं अजून सुचत नाहीये.

नलूमावशी:
जास्त बोलू नका. चहा घ्या आणि विचारा, पोरगं झोपतं का नीट. बाप समजून घेईल.