वायरलेस ट्रान्समीटर असताना सुईचा गेज लावावा का?

उद्यमबागकर
जानेवारीत आम्ही चौघं बेळगावहून मुर्डेश्वरला गेलो होतो, नेत्राणी बेटाजवळच्या डाइव्हसाठी. १८ मीटरवर मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमधला टाकीतल्या हवेच्या दाबाचा आकडा गेला. दोन मिनिटांमागं १३० बार होतं, तिथं नुसत्या आडव्या रेघा. खोली दिसत होती, वेळ दिसत होती, टाकीत किती उरलंय तेवढंच कळेना. बडीला, म्हणजे जोडीदाराला, खूण केली, दोघं मिळून वर निघालो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. बोटीवर साधा गेज लावला तर १०५. टाकीवरून मनगटावर आकडा पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची बॅटरी संपली होती.

मी हायड्रॉलिक्सच्या कामातला माणूस. आमच्या टेस्ट बेंचवर डिजिटल डिस्प्ले असला तरी शेजारी सुईचा गेज असतोच. आत एक वाकवलेली पितळी नळी, दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि सुई फिरते. बॅटरी नाही, सिग्नल नाही. टाकीच्या व्हॉल्व्हवर बसतो त्या फर्स्ट स्टेजला बहुतेक वेळा दोन हाय प्रेशर पोर्ट असतात, त्यातला एक बूच लावून रिकामा ठेवतात. तिथं गेज का लावू नये?

कारवारचा पाणबुड्या
तुमचा किस्सा वाचून मला उलटंच वाटलं. आकडा गेला, तुम्ही डाइव्ह संपवली, सुखरूप वर आलात. शिकवलेलं ते हेच.

हिशेब बघा. १८ मीटरवर दाब पाण्याबाहेरच्या २.८ पट. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर खाली ५६. आपली ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची, म्हणजे मिनिटाला साधारण ५ बार. शेवटचा आकडा १३० आठवत असेल तर दोन मिनिटांनी १२०. माणूस अंधारात नसतो.

आणि गेजबरोबर होज येते, होजच्या टोकाला जिथं गेज फिरतो तिथं बारीक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी येते. बुडबुडे सुटायची ती ठरलेली जागा. शिवाय लोंबता गेज प्रवाळावर घासत जातो, हे दर सीझनला बघतोय. खर्च करायचाच तर छोटी जादा टाकी घ्या.

निपाणीचा नवखा
मालवणला कोर्स करतोय. ती होज फुटली तर सगळी हवा मिनिटात जाते म्हणे?

कारवारचा पाणबुड्या
नाही. आवाज आणि बुडबुडे बघून घाबरायला होतं, पण त्या पोर्टमध्ये वाट टाचणीच्या टोकाएवढीच ठेवलेली असते, त्यामुळं वर यायला वेळ मिळतो. तोंडातल्या रेग्युलेटरची, म्हणजे लो प्रेशरची होज फुटली तर मात्र टाकी भराभर रिकामी होते.

खानापूरकर
म्हणजे होजची भीती तुम्हीच निम्मी केलीत.

माझा अनुभव गोव्याच्या ग्रँड आयलंडचा. टाकीचा व्हॉल्व्ह कुणीतरी अर्धवटच उघडलेला. खाली गेल्यावर श्वास जड. कॉम्प्युटर निवांत १७० दाखवतोय, कारण तो आकडा काही सेकंदांनी एकदा बदलतो. सुईच्या गेजकडं बघितलं तर प्रत्येक श्वासाला सुई खाली पडून परत वर. तेवढ्यावरून व्हॉल्व्ह ओळखला, बडीनं मागून पूर्ण उघडला.

आमच्याकडं विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधायचे, आणि तरी कमरेच्या दोरीचं टोक काठावर काकांच्या हातात असायचं. डबा आहे म्हणून दोरी सोडली, असं कुणी केलेलं मी बघितलं नाही.

कारवारचा पाणबुड्या
व्हॉल्व्हचा मुद्दा मान्य. पण ती तपासणी उडी मारायच्या आधीची. गेजकडं बघत तीन-चार मोठे श्वास घ्यायचे, सुई हलली तर व्हॉल्व्ह बघायचा.

उद्यमबागकर
होय की, आणि त्यालाही सुईच लागते! ती बोटीवर ठेवून खाली का जायचं?

डाइव्ह संपवायची हे मलाही पटतं. पण गेल्या डाइव्हला वर येतानाची ती पाच-सहा मिनिटं मी मनात आकडेमोड करत होतो. घाबरलेला माणूस २० लिटरवर थांबत नाही, त्यामुळं तुमचा ५ बारचा हिशेब तिथंच चुकायला लागतो. आकडा समोर असता तर श्वास शांत राहिला असता.

लोंबण्याचं खरं आहे. आखूड होज घेऊन छातीवरच्या डी-रिंगला क्लिप लावीन. त्याआधी गेज आमच्या बेंचवर तपासून घेतो.

कारवारचा पाणबुड्या
बेंचवर अजिबात नको! तुमचा बेंच तेलाचा. गेजमध्ये शिरलेलं तेल पुढं श्वासाच्या हवेत यायचं, आणि ऑक्सिजन जास्त असलेली नायट्रॉक्स वापरलीत तर आगीचा धोका. भरलेल्या टाकीवर खात्रीच्या गेजबरोबर लावून ताडून बघा.

उद्यमबागकर
बरं झालं सांगितलंत, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तेलाला हात लावत नाही. पावसाळ्याआधी एक फेरी होईल, तेव्हा एकाच टाकीवर ट्रान्समीटर आणि सुई दोन्ही लावून २०० पासून ५० पर्यंतचे आकडे लिहून इथं टाकतो. गेज मात्र लावणारच.