जीटीओ हे मस्टँगला दिलेले उत्तर नव्हते

फोर्ड मस्टँगला शह देण्यासाठी पाँटिअ‍ॅकने जीटीओ ही गाडी काढली, असा दावा केला जातो. ते कालक्रमात बसत नाही. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी लोकांसमोर आली, तर जीटीओ १९६३ च्या शरद ऋतूतच विक्रीला होती. तिच्या जन्माचे कारण पाँटिअ‍ॅकची मालक कंपनी असलेल्या जनरल मोटर्सच्या आतलेच होते. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांहून (हे सिलिंडरांच्या आतल्या एकूण क्षमतेचे माप) मोठे इंजिन बसवायचे नाही, असा कंपनीचा दंडक होता. परंतु पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन टेम्पेस्ट ल मान्स या पाँटिअ‍ॅकच्या मध्यम आकाराच्या गाडीवर स्वतंत्र मॉडेल म्हणून नव्हे, तर सुमारे २९६ डॉलरचा ऐच्छिक संच म्हणून देऊ केले आणि नियमाला वळसा घातला. पाँटिअ‍ॅकच्या ३२६ आणि ३८९ घनइंची इंजिनांचे बाह्य आकारमान सारखेच असल्याने हे मोठे इंजिन त्याच जागी सहज बसले, आणि मला तरी या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. विक्री विभागाने ५,००० गाड्यांचीच तयारी दाखवली होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. स्वतंत्र मॉडेलचा दर्जा तिला १९६६ मध्ये मिळाला.