कॅल्शियमपेक्षा तेल आणि वॉटर पेपर
नखांनी तारा छेडून वाद्य वाजवणाऱ्यांची नखं कॅल्शियमच्या गोळ्यांनी घट्ट होतात, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. नख मुळात केराटिनचं, म्हणजे प्रथिनाचं. कॅल्शियम त्यात नावालाच असतं. आमच्या परभणीत एप्रिल-मेच्या कोरड्या झळांमध्ये माझ्या अंगठ्याच्या नखाचे पापुद्रे निघायचे. रोज झोपताना नखांना खोबरेल तेल चोळायला लागल्यापासून ते थांबलं. भांडी घासताना हातमोजे घालतो, कारण सतत ओलं-सुकं झालं की नख ठिसूळ होतं.

आणि नेलकटर तर नकोच! त्याने कडेला बारीक चीर पडते नि तिथूनच नख तुटतं. कानशीने आकार द्या, मग गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला 1000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर, नखाच्या कडेवर हलक्या हाताने फिरवा. मग वाजवताना नख तारेवर घासून होणारा खरखर आवाज जातो. तुटलेलं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, तेव्हा जपाच.