जैन अहिंसा आणि बौद्ध अहिंसा: फरक नेमका कुठे पडतो?

जिज्ञासू:
महावीर आणि बुद्ध एकाच काळात, मगध-वैशालीच्या एकाच टापूत फिरले. दोघांकडे पहिला नियम प्राणिहिंसा टाळण्याचा. तरी जैन साधूला बटाटासुद्धा वर्ज्य आणि बौद्ध भिक्षूला भिक्षेत आलेलं मांस चालू शकतं, हे कसं? ‘जैन कृती बघतात, बौद्ध हेतू बघतात’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ते खरं का? आणि पाणी गाळणं फक्त जैनांतच का?

अनेकांती:
ते वाक्य जैनांवर अन्याय करणारं आहे. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथातली व्याख्या अशी: ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’. प्रमादातून प्राण घेतला तर ती हिंसा. जैन आचार्य कुंदकुंद त्यांच्या प्रवचनसार या ग्रंथात आणखी पुढे जातात: बेपर्वाईने वागणाऱ्याला हिंसा लागतेच, मग जीव मरो वा जगो. उलट चार हात पुढची जमीन बघत, ईर्यासमिती (चालण्यातली सावधगिरी) पाळून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली अचानक किडा आला, तर त्याला कर्माचा बंध नाही. म्हणजे मन इथंही मोजलं जातं. फक्त ‘मारायचं नव्हतं’ एवढं पुरत नाही, सावध होतात का हे विचारलं जातं.

दुसरं, जीव कुणाला म्हणायचं याची यादीच मोठी आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हे एकेंद्रिय, म्हणजे एकच इंद्रिय असलेले जीव. बटाटा, मुळा हे अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव. म्हणून ते वर्ज्य. गृहस्थाला हे सगळं टाळणं शक्य नसतं, म्हणून त्याने त्रस (हालचाल करणाऱ्या) जीवांची संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली हिंसा पूर्ण सोडायची. स्वयंपाक, उद्योग, स्वसंरक्षण यांतली हिंसा शक्य तितकी कमी करायची.

पाली_अभ्यासक:
बौद्ध बाजू मांडतो. पाली अट्ठकथांनुसार (बौद्ध ग्रंथांवरच्या टीकांनुसार) प्राणातिपात, म्हणजे जीव घेण्याचं कर्म, पुरा व्हायला पाच गोष्टी लागतात: प्राणी असणं, तो प्राणी आहे हे ठाऊक असणं, मारण्याचं चित्त, प्रयत्न, आणि त्यातून मृत्यू. एक गळली तरी तो पुरा होत नाही. मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या उपालिसुत्तात निगंठ (म्हणजे जैन) कायदंडाला, शरीराने केलेल्या कृतीला, सर्वांत भारी मानतात, बुद्ध मनोकर्माला. पण हे प्रतिपक्षाने केलेलं वर्णन आहे, हे विसरू नये. जैनांनीही सूत्रकृतांग या त्यांच्या आगमात बौद्धांच्या हेतुवादाची टर उडवली आहे.

मांसाचा नियम सीह सेनापतीच्या प्रसंगानंतर घातला गेला. सीह आधी निगंठांचा उपासक होता. आपल्यासाठी प्राणी मारल्याचं भिक्षूने पाहिलं, ऐकलं नसेल आणि तशी शंकाही नसेल, तर ते मांस चालतं. जैन हे मानत नाहीत, कारण त्यांच्याकडे त्याग नवकोटी (नऊ प्रकारांचा) आहे: मन, वचन, काया यांनी करणं, करवणं आणि अनुमोदन देणंही बंद.

पाण्याचं म्हणाल तर तो नियम बौद्धांतही आहे. भिक्षूच्या आठ परिष्कारांत (जवळ ठेवायच्या वस्तूंत) गाळणं येतं, आणि जीव आहेत हे माहीत असून ते पाणी वापरलं तर पाचित्तिय (प्रायश्चित्त घ्यावा लागणारा) दोष लागतो. वर्षावास (पावसाळ्यात एका जागी राहणं) सुद्धा लोकांच्या तक्रारीवरून आला: भिक्षू पावसात फिरून हिरवं गवत आणि एकेंद्रिय जीव तुडवतात. श्रमणांचा हा सामाईक वारसा आहे, मात्र विनय (भिक्षूंची नियमावली) गवताला जीव मानूनच नियम करतो असं म्हणता येत नाही.

अनेकांती:
वर्षावासाचा मुद्दा महत्त्वाचा, धन्यवाद. पाणी गाळण्याची जैन पद्धत इथे लिहून ठेवतो, कारण चूक बहुधा शेवटच्या पायरीवर होते. परंपरेतलं माप ३६ अंगुळं लांब, २४ अंगुळं रुंद, जाड कापड, दुहेरी घडी. विरलेलं कापड निरुपयोगी. पाणी गाळून झाल्यावर ते पिळायचं नाही, पिळल्याने अडकलेले जीव मरतात. कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुवायचं आणि ती जीवाणी (जीव असलेलं ते धुवण) जिथून पाणी काढलं त्याच विहिरीत सोडायची. तीही वरून ओतायची नाही, कडीच्या बादलीने पाण्यापर्यंत उतरवून मग उलटायची. दिगंबर परंपरेत गाळलेल्या पाण्याची मुदत एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. त्यानंतर प्यायचं असेल तर पुन्हा गाळायचं.