जर्मन कादंबरी: काफ्का जरा थांबू दे

जर्मनची बी१ (मध्यम पातळी) संपवून थेट काफ्काचं 'दी फेअरवांडलुंग' ('रूपांतर', १९१५) घेतलं आणि तिसऱ्या पानावर अडलो, असं एका शिकणाऱ्याने लिहिलंय. तिथले शब्द फार अवघड नाहीत, पण वाक्यं लांबलचक, पोटवाक्यात पोटवाक्य. आधी एरिख केस्टनरचं 'एमिल उंड दी डेटेक्टीव्हे' ('एमिल आणि गुप्तहेर', १९२९) हे मुलांसाठीचं पुस्तक घ्या. बर्लिनच्या गाडीत एमिल या मुलाचे १४० मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) चोरीला जातात, पुढे सगळा पाठलाग. संवाद भरपूर, वाक्यं आटोपशीर. पोरांची बर्लिनी बोली मधेमधे अडवेल, ती सोडून पुढे चला.

खरी अडचण क्रियापदांची असते. क्लासमध्ये बोलायचा भूतकाळ घोटून घेतात, 'इश बिन गेगांगेन' (मी गेलो). पुस्तकात मात्र त्याच अर्थाने 'गिंग' येतं. गेएन (जाणे), कोमेन (येणे), झेएन (पाहणे), नेमेन (घेणे) अशा तीसेक क्रियापदांची ही रूपं आधी पाठ करा. दुसरं म्हणजे तुटणारी क्रियापदं, ज्यांचा सुरुवातीचा तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जातो. 'झी ह्योर्ते प्ल्योत्सलिश आउफ' यात नुसतं 'ह्योरेन' शोधलंत तर 'तिने ऐकलं' असं वाटेल. शेवटचं 'आउफ' पुढे जोडून 'आउफह्योरेन' शोधा, म्हणजे कळेल, 'ती एकदम थांबली'! म्हणून पूर्णविरामापर्यंत गेल्याशिवाय शब्दकोश उघडूच नका. पोटवाक्यात क्रियापद शेवटी येतं, ते मराठी वाचकाला सवयीचंच आहे.

पानाला पाच-सहा शब्द अडले तर चालतं. पंधरा अडले तर पुस्तक सहा महिने बाजूला ठेवा. तीनदा भेटलेला शब्दच वहीत उतरवा, तोही अख्ख्या वाक्यासकट.